सात किलोंचं पांघरूण

वजनदार पांघरूण, म्हणजे हल्ली ज्याला वेटेड ब्लँकेट म्हणतात ते, घ्यावं की घेऊ नये असं मला अजूनही लोक विचारतात. त्यांचा दोष नाही. एके काळी मीच त्याची मोठी प्रचारक होते. ऑफिसात, सोसायटीत, नात्यागोत्यात, झोप येत नाही असं कुणी म्हणायचा अवकाश, मी सुरू व्हायचे. त्या काळात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतली एक माझ्यापुरती होती आणि तिची भरपाईही मीच केली. दुसरी माझ्या वडिलांना भोगावी लागली. ती लिहून ठेवणं मला गरजेचं वाटतं. ही पांघरुणं आता घरबसल्या मागवता येतात आणि म्हाताऱ्या आईवडिलांसाठी ती मागवणारी लेक किंवा सून माझ्यासारखी मायेपोटीच मागवत असणार.

आधी वस्तू कशी असते ते सांगते. दुलईला असतात तशा टिपा मारून पांघरुणाचे लहान लहान चौकोन केलेले असतात आणि प्रत्येक चौकोनात मोहरीहून बारीक असे काचेचे मणी किंवा प्लॅस्टिकचे दाणे भरलेले असतात. मणी एका कडेला गोळा होऊ नयेत म्हणून हे चौकोन. स्वीडनमध्ये मण्यांऐवजी धातूच्या साखळ्या घातलेली पांघरुणंही वापरतात. वजन तीन-चार किलोंपासून दहा-बारा किलोंपर्यंत. तुमच्या वजनाच्या दहा टक्के वजनाचं घ्या, असं विकणारे सांगतात. हा आकडा मला इतक्या ठिकाणी वाचायला मिळाला, की तो डॉक्टरांनीच ठरवून दिलेला असणार असं मी धरून चालले. तो बाजारातला ढोबळ हिशेब आहे. माझं वजन सत्तरच्या आसपास, म्हणून मी सात किलोंचं घेतलं.

माझी झोप बिघडली ती पन्नाशीच्या सुमाराला. झोप लागायची, पण मध्यरात्रीनंतर एकदम जाग यायची, छातीत धडधडत असायचं आणि मग पहाटेपर्यंत डोळे मिटायचे नाहीत. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. फलटणजवळच्या आमच्या गावातलं घर बंद करून आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी पुण्याला माझ्याकडे आणलं होतं. त्यामुळे झोपमोडीचं कारण मी मनात शोधलं. दुःख आहे, जबाबदारी वाढली आहे, ताण आहे, असं मी स्वतःला समजावत राहिले. जाग येते तेव्हा मान आणि छाती घामानं भिजलेली असते, हे मला दिसत होतं. पाळी वेडीवाकडी झाली आहे, हेही माहीत होतं. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून मी पाहिल्याच नाहीत.

पांघरूण आलं ते डिसेंबरात. त्याचा पहिला अनुभव खरा होता, तो मी आजही नाकारणार नाही. खांद्यांपासून पावलांपर्यंत सारखा दाब आला आणि दिवसभर आवळून धरलेला जबडा आपोआप सैल झाला. अंगावर खोलवर, सगळीकडून सारखा दाब आला की माणूस शांत होतो, हा विचार जुना आहे. अमेरिकेतल्या ए. जीन आयर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी स्पर्श, तोल आणि स्नायूंकडून येणाऱ्या संवेदना मेंदू एकत्र कशा जुळवतो यावर काम केलं. त्यांचं महत्त्वाचं पुस्तक १९७२ साली आलं. दाब देणारी जाकिटं, वजनदार पांघरुणं ही पुढे त्याच क्षेत्रातल्या लोकांनी प्रामुख्याने स्वमग्न मुलांसाठी वापरली. २०१७ साली अमेरिकेत लोकवर्गणीतून अशाच एका पांघरुणासाठी ४७ लाख डॉलरच्या आसपास रक्कम जमली आणि उपचारांच्या खोलीतली ही वस्तू घरोघरच्या पलंगावर गेली.

मी वाचत होते, पण मला हवं तेवढंच उचलत होते. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सव्वीस निरोगी तरुण माणसांना एका रात्री हलकं आणि एका रात्री शरीराच्या बारा टक्के वजनाचं पांघरूण दिलं. जड पांघरुणाच्या रात्री झोपण्याआधी लाळेतलं मेलाटोनिन सुमारे तीस टक्क्यांनी जास्त वाढलं. हे मी सगळ्यांना सांगत सुटले. त्याच प्रयोगात झोपेच्या एकूण वेळात फरक पडला नव्हता, हे मी वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं.

मार्च उजाडला तसं पांघरूण अंगावर सोसेना. झोप लागण्याच्या वेळी शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं. हातापायांच्या रक्तवाहिन्या सैल होतात, त्वचेतून उष्णता बाहेर पडते आणि मग डोळा लागतो. पॉलिएस्टरच्या आवरणात मणी भरून सात किलोंचं पांघरूण अंगाला चिकटून बसलं तर ती उष्णता जाणार कुठे? त्यात मला रजोनिवृत्तीचा त्रास सुरू झालेला. त्या काळात मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र फार हळवं होतं. जरा ऊब वाढली की शरीर एकदम घाम काढून उष्णता फेकायला बघतं. अंगातून वाफा निघतात असं बायका म्हणतात, ते हेच. म्हणजे माझं शरीर रात्री उष्णता बाहेर टाकायची धडपड करत होतं आणि मी वरून ते बंद करत होते. जाग वाढली. मग गारवा देणारं म्हणून जे आवरण विकतात ते मागवलं, एसी वीस अंशांवर नेला, विजेचं बिल वाढलं. उलट थंडीत चांगली झोप लागली होती, म्हणजे आता आपणच धीर धरत नाही, असं मला वाटत होतं. शेवटी पाळीच्या तक्रारीसाठी म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी रात्रीच्या घामाबद्दल स्वतःहून विचारलं आणि सगळा उलगडा झाला. त्यांच्या उपचारांनी पुढच्या काही महिन्यांत मी माणसात आले. पांघरूण घडी करून कपाटात गेलं.

इथे मी जे केलं ते मला जास्त खुपतं. मला झेपलं नाही, हे मी कुणालाही सांगितलं नाही. ज्यांना ज्यांना शिफारस केली होती, त्यांतल्या एकालाही फोन करून म्हणाले नाही, की थांबा, माझ्या झोपमोडीचं कारण वेगळंच निघालं. उलट कुणी विचारलं तर उन्हाळ्यात जरा गरम होतं, एवढंच म्हणायचे. माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं तिच्या सहा महिन्यांच्या बाळासाठी लहान आकाराचं पाहिलं होतं आणि मला विचारलं होतं. मी चांगलं असेल म्हणाले. न वाचता, न विचारता म्हणाले. नशीब, तिनं बालरोगतज्ज्ञांना विचारलं आणि त्यांनी तिला कडक शब्दांत नको म्हणून सांगितलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ च्या सूचनांमध्ये तान्ह्या बाळाच्या अंगावर किंवा जवळपास वजन घातलेली पांघरुणं, झबली, दुपटी काहीही ठेवू नका असं स्पष्ट लिहिलं आहे. त्याच्याही कितीतरी आधी, २००८ मध्ये, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात नऊ वर्षांचा एक स्वमग्न मुलगा शाळेत अशा पांघरुणात गुंडाळलेला असताना दगावला होता. ही माहिती मला शोधायला पाच मिनिटं लागली, पण ती मी शोधली नंतर.

आता आप्पांचं.

आप्पांना पार्किन्सन आहे. उजव्या हाताला कंप सुटला तेव्हा निदान झालं, पण आता मागे पाहिल्यावर कळतं, की आजाराची एक खूण त्याच्याही बरीच वर्षं आधी आमच्या घरात होती. आप्पा झोपेत ओरडायचे, हात झाडायचे, लाथा मारायचे. आईनं आपलं अंथरूण कधीच वेगळं केलं होतं. आप्पा शिक्षक होते; शाळेच्या तपासणीचं स्वप्न पडतं त्यांना, असं ती म्हणायची आणि आम्ही सगळे ते मान्य करून मोकळे झालो होतो. माझ्याकडे आल्यावरही ते चालूच होतं. एका रात्री त्यांनी पलंगाशेजारच्या टेबलावर हात आपटून घेतला आणि मनगट सुजलं. आप्पांची झोप अस्वस्थ आहे, त्यांना शांत करायला हवं, असं मी ठरवलं. मेंदूच्या डॉक्टरांना यातलं काही सांगितलं नाही, कारण हातापायांच्या आजाराचा आणि स्वप्नांचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुन्हा थंडी येत होती. कपाटात महागाचं पांघरूण पडून होतं. मी ते काढलं आणि आप्पांच्या अंगावर घातलं. आप्पांचं वजन तेव्हा अठ्ठावन्न किलो. बाजाराच्या हिशेबानंही त्यांना सहापेक्षा कमी बसलं असतं. सातनं काय होतंय, असं मी म्हटलं. शिवाय मनाशी एक समर्थनही तयार होतं: आपल्याकडे पूर्वीपासून जड पांघरुणंच होती की! गावाकडे आप्पा घोंगडी घ्यायचे, आई जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची, थरावर थर, धावदोरा घालून. ती माणसं सुखानं झोपतच होती.

हे समर्थन किती पोकळ होतं ते नंतर आईची गोधडी वजनकाट्यावर ठेवल्यावर कळलं. पातळ सुती लुगड्यांची, पुष्कळ वर्षं धुतलेली ती गोधडी तीन किलोंच्या आत भरली. सुती कापड घाम टिपतं आणि वाळतं. मेंढीच्या लोकरीची घोंगडी खरखरीत असते, अंगाला चिकटत नाही, तिच्यातून हवा खेळते. आणि सगळ्यांत मोठा फरक असा, की ती पांघरुणं घेणारी माणसं तेव्हा धडधाकट होती. उकडलं की झोपेतच एका लाथेत पांघरूण पायाशी जायचं.

आप्पांना ती लाथ मारता येत नव्हती.

पार्किन्सनमध्ये हालचाल मंदावते हे मला ठाऊक होतं. रात्री ती किती मंदावते हे ठाऊक नव्हतं. आपण सगळे रात्रभर कुशी बदलत असतो, आपल्याला कळतही नाही. कूस बदलायची म्हणजे आधी खांदा वळवायचा, मग कंबर उचलायची, मग पाय ओढून आणायचे. एवढ्या हालचाली एका ओघात व्हाव्या लागतात. या आजारात तो ओघ तुटतो. दिवसा लेव्होडोपाच्या गोळीनं हालचाल बरीच सुधारते, पण संध्याकाळच्या गोळीचा परिणाम मध्यरात्रीपर्यंत ओसरलेला असतो. म्हणून या रुग्णांना अंथरुणावर सॅटिनसारखं गुळगुळीत कापड वापरा, पांघरूण हलकं ठेवा, असं फिजिओथेरपिस्ट सांगतात. अंग सरकायला सोपं जावं म्हणून. मी बरोबर उलटं केलं होतं. अंगाला धरून बसणारं, कडा पलंगाखाली लोंबून आणखी खाली ओढणारं ओझं त्यांच्यावर ठेवलं होतं.

आणि मला वाटत होतं की गुण येतोय. लाथा थांबल्या होत्या. रात्री मी डोकावले की आप्पा उताणे, शांत, जसे झोपवले तसेच. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलंही, आप्पांना आता छान झोप लागते. ओरडणं मात्र अधूनमधून चालू होतं, त्याचा मी विचार केला नाही. संध्याकाळनंतर ते पाणी प्यायचं टाळू लागले. पाठ दुखते म्हणू लागले, मी मलम आणलं. कामाला येणाऱ्या मावशींनी एकदा सांगितलं, की काकांच्या टाचा लाल झाल्यात. मी खोबरेल तेल लावायला सांगितलं. यातली एकेक गोष्ट पुरेशी होती.

याच काळात मेंदूच्या डॉक्टरांकडे नेहमीची तपासणी झाली. त्यांनी आप्पांकडे बघून विचारलं, ‘झोप कशी आहे?’ आप्पांचा आवाज या आजारानं बारीक झाला आहे आणि उत्तर यायला वेळ लागतो. तो वेळ मी दिला नाही. ‘आता छान आहे,’ असं मीच सांगून टाकलं. आप्पा माझ्याकडे पाहून गप्प राहिले. मला त्या तपासणीतलं इतर काही आठवत नाही, पण हे आठवतं.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. बँकेत गर्दी होण्याआधी जायचं म्हणून त्या दिवशी मी त्यांना नेहमीपेक्षा बरीच लवकर उठवायला गेले. ते जागेच होते. उताणे, दोन्ही हात पांघरुणाच्या आत, नजर छताकडे. चादर ओली होती.

‘आप्पा, रात्री उठला नाहीत?’

‘उठता येईना.’

‘मला हाक का नाही मारलीत?’

‘मारली ना. पण आता आवाज कुठे राहिलाय.’

माझ्या खोलीत पंखा चालू होता आणि दार लोटलेलं होतं. त्यांना किती वाजल्यापासून जाग होती हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं तरीही. त्यांची पाठ पुसताना माकडहाडाजवळ लाल चट्टा दिसला, जखम व्हायच्या बेतातला. बँकेत आम्ही त्या दिवशी गेलो नाही.

पांघरूण नको असं का सांगितलं नाहीत, हे मी दुपारी विचारलं. त्यांनी बराच वेळ घेतला. मग म्हणाले, ‘तू सगळ्यांना त्याचं इतकं सांगायचीस. तुला बरं वाटत होतं.’

यावर मला काही बोलता आलं नाही. सत्तर ओलांडलेला, आयुष्यभर वर्गात खणखणीत आवाजात शिकवलेला माणूस रात्रीच्या रात्री एका जागी पडून राहतो, लघवीला जाता येत नाही म्हणून पाणी पिणं सोडतो आणि हे सगळं लेकीचं मन मोडू नये म्हणून करतो. मी रोज सकाळी विचारत होते, ‘बरी लागली ना झोप?’ त्या प्रश्नाला आप्पांसारखा माणूस हो म्हणणार, दुसरं काय म्हणणार? मी विचारत नव्हतेच, मी होकार मागत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. या वेळी आप्पा बोलले आणि मी बाहेर थांबले. नंतर आत बोलावल्यावर जुन्या लाथांची आणि ओरडण्याची हकिगत मी सांगितली. डॉक्टरांनी विचारलं, की हे आधी का नाही सांगितलंत. स्वप्नं पडतात त्या झोपेत आपल्या शरीराचे स्नायू निसर्गतः लुळे झालेले असतात, म्हणून आपण स्वप्नात पळालो तरी अंथरुणातच असतो. काही माणसांत हा लुळेपणा येत नाही आणि ती स्वप्न अंगानं जगतात. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी १९८६ मध्ये या विकाराचं वर्णन केलं आणि पुढे लक्षात आलं, की अशा माणसांपैकी अनेकांना कालांतरानं पार्किन्सन किंवा त्याच जातीचा आजार होतो. म्हणजे आई ज्याला तपासणीचं स्वप्न म्हणायची, ती मेंदूनं फार आधी दिलेली सूचना होती. त्यावर औषधं आहेत. वजन ठेवून स्वप्न थांबत नाही. मी फक्त लाथ अडवली होती.

फिजिओथेरपिस्ट घरी आल्या. त्यांनी पांघरूण उचलून पाहिलं आणि एक गोष्ट सांगितली, जी मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. अमेरिकेतल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहांसाठी नियम आहे, की अंगावरची जी वस्तू माणसाला स्वतःहून सहज काढता येत नाही आणि जिच्यामुळे त्याची हालचाल अडते, ती बांधून ठेवण्यातच मोजायची. पट्टा असो, खुर्चीला लावलेली फळी असो, की घट्ट खोचलेली चादर. कुणी चांगल्या हेतूनं केलं तरी ते बांधणंच. माझ्या घरात, माझ्या हातानं, मी माझ्या वडिलांना बांधून ठेवलं होतं. हे वाक्य लिहायला मला जड जातं, पण त्याहून सौम्य शब्द खोटा होईल.

त्यानंतर मी जुनं वाचन पुन्हा काढलं. मेलाटोनिनच्या प्रयोगाखेरीज आणखी ज्या एका स्वीडिश अभ्यासाचा आकडा मी सगळ्यांना ऐकवत असे, तो २०२० सालचा. एकशेवीस रुग्ण, चार आठवडे. साखळ्यांचं जड पांघरूण घेणाऱ्यांपैकी सुमारे ५९ टक्के लोकांची निद्रानाशाची तीव्रता निम्म्याहून खाली आली. हलकं पांघरूण घेणाऱ्यांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास राहिलं. आकडे मोठे आहेत, पण ते रुग्ण कोण होते? नैराश्य, बायपोलर, चिंतेचा विकार, एडीएचडी यांवर उपचार घेणारे, सरासरी चाळिशीचे. पार्किन्सनचे नव्हेत, ऐंशीकडे झुकलेले नव्हेत. आणि पहिल्या वाचनात डोळ्यांखालून निसटलेला तपशील असा, की त्यांना आठ किलोंचं पांघरूण आधी पांघरून बघायला दिलं होतं. दहाएक जणांना ते फार जड वाटलं, त्यांना सहा किलोंचं बदलून दिलं. एकाला त्यानं घाबरल्यासारखं झालं, त्यानं सोडून दिलं. नको म्हणायची सोय त्या प्रयोगात पहिल्यापासून होती. आप्पांना मी ती ठेवली नव्हती.

ब्रिटनमध्ये ६७ स्वमग्न मुलांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये आला. जड पांघरुणानं मुलांची झोप मोजमापात वाढली नाही. तरीही मुलांना आणि आईबापांना तेच जास्त आवडलं. मला यात विसंगती दिसत नाही. एखादी गोष्ट सुखाची वाटणं ही काही लहान बाब नाही, फक्त ज्याच्या अंगावर ती आहे त्याला ती सुखाची वाटायला हवी.

टेंपल ग्रँडिन यांच्याबद्दलही मी तेव्हा वाचलं होतं. त्या स्वतः स्वमग्न, पुढे पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. शाळकरी वयात ॲरिझोनात मावशीच्या गुरांच्या रँचवर त्यांनी पाहिलं, की इंजेक्शन देण्यासाठी गुरांना दोन फळ्यांमध्ये हलकेच दाबून धरलं की ती बरीच शांत होतात. त्यावरून त्यांनी स्वतःसाठी तसं यंत्र बनवलं, मऊ गाद्या लावलेल्या दोन फळ्यांचं. १९९२ मध्ये त्यांनी या दाबाबद्दल शोधनिबंधही लिहिला. मी ही गोष्ट दाबाची म्हणून सांगत आले होते. पण त्या यंत्रात एक दांडा होता. दाब किती हवा, कधी वाढवायचा आणि कधी सोडायचा, हे आत असलेली व्यक्ती त्या दांड्यानं स्वतः ठरवत असे. इतर माणसांची मिठी ग्रँडिन यांना सोसत नसे, कारण ती त्यांच्या हातात नसे. हे इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना मला त्यातून फक्त ‘दाबानं शांत वाटतं’ एवढंच कळलं होतं.

आप्पांची रात्र सुधारायला वेळ लागला आणि ती पूर्ण सुधारलेली नाही. डॉक्टरांनी रात्रीसाठी सावकाश सुटणारी गोळी दिली, स्वप्नांच्या त्रासासाठी मेलाटोनिन सुरू केलं. पलंग बुटका केला, शेजारचं टेबल हलवलं, भिंतीकडच्या बाजूला गादी उभी केली. अंथरुणाच्या मधल्या भागात सॅटिनचा रुंद पट्टा शिवून घेतला, पण पावलांशी साधी चादरच ठेवली, म्हणजे टाचा रोवून अंग वळवता येतं. पलंगाला धरायला एक दांडी बसवली. दाराला लावतात तशी बिनतारी घंटी आणून तिचं बटण उशीजवळ बांधलं. वाजली की मी उठते.

पांघरुणाचा निर्णय आप्पांनी केला. फिजिओथेरपिस्टनं त्यांना एक साधी परीक्षा शिकवली आहे: रात्रीची गोळी घेण्याआधी, म्हणजे शरीर सर्वांत जखडलेलं असताना, उताणं झोपायचं, पांघरूण गळ्यापर्यंत घ्यायचं आणि कुणाच्या मदतीविना बाजूला करायचं. आईची गोधडी त्यांना घ्यायची होती. ती त्यांना जमली नाही. मला वाटलं, अर्धी घडी करून पायांवर घालू. ते नको म्हणाले, सोलापुरी चादर दे आणि थंडी असली तर स्वेटर घालतो. मला त्यावर बोलायची फार इच्छा झाली. मी बोलले नाही.

वजनदार पांघरूण माझ्याकडे अजून आहे. जानेवारीत कधी तरी मी ते मांड्यांवर घेऊन वाचत बसते, तेव्हा छान वाटतं. शिफारस केलेल्या सगळ्यांना मी एकेक करून फोन केले. दोघींना ते मानवलं होतं आणि त्या ते सोडणार नाहीत, सोडायचं कारणही नाही. एकीच्या नवऱ्याला घोरण्याचा आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, त्याच्यासाठी ती घेणार होती. तिला मी आधी झोपेची तपासणी करून घ्यायला सांगितलं. ज्या काकूंनी माझ्या सांगण्यावरून दम्याच्या आपल्या सासूबाईंसाठी घेतलं होतं, त्यांनी ते दोन रात्रींनंतरच काढून ठेवलं होतं. ‘तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही,’ असं त्याही म्हणाल्या.

परवा फिजिओथेरपिस्ट आल्या तेव्हा आप्पांनी माझ्यासमोर त्यांना सांगितलं, की हिनं आणलेल्या घंटीचं बटण फार कडक आहे, रात्री बोटानं दाबलं जात नाही, दुसरं आणायला सांगा. संध्याकाळी जाऊन मी दुसरं आणलं. दुकानातच दोन-तीन दाबून पाहिली, पण शेवटी पिशवीत तिन्ही घेऊन आले आणि कोणतं ठेवायचं ते आप्पांनी दाबून ठरवलं.